संगणकातील फाईल-व्यवस्थेची राखीव प्रत

प्रास्ताविक

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करण्याचे कार्य १९१९ साली हाती घेतले व ते १९६६ साली पूर्णत्वास गेले. ह्या कार्यासाठी शारदा, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मलयाळम्, देवनागरी इत्यादी लिप्यांतील हस्तलिखिते एकमेकांशी ताडून पाहावी लागली. मूळ प्रत कोणाजवळच नव्हती. काश्मीरपासून केरळपर्यंत विखुरलेल्या नकला मात्र होत्या, आणि त्या परस्परांपासून दूर असल्यामुळे एका ठिकाणच्या आगीने, वाळवीने अथवा एखाद्या लेखकूच्या प्रमादाने त्या सर्व एकदम नष्ट वा भ्रष्ट होऊ शकल्या नाहीत. नक्कल करणे, ती दूर ठेवणे आणि वेळोवेळी ताडून पाहणे ह्या तीन गोष्टींनी हा ग्रंथ राखला, असे म्हणावयास हरकत नाही.

संगणकात साठविलेल्या लेखनालाही हाच नियम लागू पडतो. शाळेचे जनरल रजिस्टर, वाचनालयाची दाखल-नोंदवही, देवघेवीच्या नोंदी, जीर्ण नियतकालिकांची छायांकित पाने ह्यांपैकी कितीतरी सामग्री आज संगणकाच्या डिस्कवर असते. तिच्यापैकी काही भाग पुन्हा मिळविता येईल. पण देणगीदाराने आठवड्याच्या बोलीने छायांकनासाठी दिलेली आणि नंतर नष्ट झालेली एखादी वही कोठून आणावयाची? अशी सामग्री बाह्य डिस्कवर कशी जपून ठेवावी, ह्याचे विवेचन प्रस्तुत पाठात करावयाचे आहे. व्यवहारात जिला बॅकअप म्हणतात, तिलाच येथे राखीव प्रत असे म्हटले आहे.

१. डिस्कवर काय असते?

चुंबकीय डिस्क जोडलेला पहिला संगणक आय. बी. एम. ह्या अमेरिकन कंपनीने १९५६ साली बाजारात आणला. त्याच्या साठवण-यंत्रात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एकावर एक बसविलेल्या असून त्या सर्वांत मिळून सुमारे ५० लक्ष अक्षरे मावत. आज तळहातावर राहणाऱ्या बाह्य डिस्कमध्ये एक टेराबाईट, म्हणजे एक लक्ष कोटी बाईट माहिती सहज मावते. आकारात एवढा फरक पडला तरी मूळ रचना बदललेली नाही. डिस्क म्हणजे क्रमांक घातलेल्या लहान लहान खणांची एक अतिशय लांब ओळ होय. ह्या खणांना आपल्यात कोणाचे पत्र आहे व कोणाचे चित्र आहे, ह्याची काहीच कल्पना नसते. कोणत्या खणात कोणत्या फाईलीचा कोणता भाग आहे, ह्याची नोंद ठेवणारी जी योजना, तिला फाईल-व्यवस्था म्हणतात.

ही योजना समजण्यासाठी वाचनालयाचे उदाहरण सोयीचे पडते. वाचनालयात पुस्तके फडताळांत असतात. दाखल-नोंदवहीत प्रत्येक पुस्तकाचा दाखल अंक, किंमत, तारीख व जागा लिहिलेली असते. आणि वाचकासाठी ग्रंथनामाची व ग्रंथकाराची सूचिपत्रे असतात. डिस्कवरही अशाच तीन पायऱ्या आढळतात. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन व डेनिस रिची ह्यांनी १९६९ सालापासून विकसित केलेल्या युनिक्स ह्या प्रणालीत प्रत्येक फाईलीसाठी एक नोंद असते. तिला आयनोड म्हणतात. फाईलीची लांबी, तिचा मालक, ती कोणी वाचावी व कोणी बदलावी ह्याविषयीच्या परवानग्या, शेवटच्या बदलाची वेळ आणि मजकुराच्या खणांचे क्रमांक एवढे ह्या नोंदीत असते. फाईलीचे नाव मात्र तेथे नसते. ते निर्देशिकेत, म्हणजे सूचिपत्रावर असते. एकाच पुस्तकाची दोन सूचिपत्रे असू शकतात, तद्वत एकाच आयनोडला दोन नावे असू शकतात. लिनक्ससारख्या आजच्या प्रणालींनी हीच पद्धत पुढे चालविली आहे.

ह्यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, फाईल पुसली असता बहुधा तिचे सूचिपत्र काढले जाते व तिचे खण रिकामे म्हणून जाहीर होतात. मजकूर त्या खणांवर नवे लेखन होईपर्यंत तेथेच पडून राहू शकतो. त्यामुळे चुकून पुसलेली फाईल कधी कधी परत मिळते. परंतु आधुनिक घनावस्था डिस्का असे खण लवकरच खरोखर मोकळे करून टाकतात. तेव्हा ह्या शक्यतेवर विसंबून राहता येत नाही. दुसरी गोष्ट अशी की, फाईल-व्यवस्थेची खरी प्रत म्हणजे केवळ मजकुराची नक्कल नव्हे. नावे, निर्देशिकांची उतरंड, मालकी, परवानग्या, वेळा आणि एकाच फाईलीला दिलेली अनेक नावे ही सर्व तिच्यात यावयास हवीत. पुस्तके सुरक्षित राहून नोंदवही व सूचिपत्रे जळून गेली, तर ग्रंथपालाची जी अवस्था होईल, तीच केवळ मजकूर वाचविणाऱ्याची होते.

२. नाशाचे मार्ग

राखीव प्रत कशापासून संरक्षण देते, हे स्पष्ट असल्याखेरीज ती कशी घ्यावी हे ठरविता येत नाही. नाशाचे मुख्य मार्ग पाच आहेत.

(अ) यंत्राचा बिघाड. फिरत्या तबकडीवर वाचक-शीर्ष अतिशय थोड्या अंतरावरून तरंगत असते. धक्का बसल्यास अथवा भाग झिजल्यास डिस्क अकस्मात बंद पडते.

(आ) माणसाची चूक. नको ती फाईल पुसली जाते, किंवा चांगल्या मजकुरावर चुकीचा मजकूर लिहिला जातो.

(इ) स्थानिक आपत्ती. आग, पूर, विजेचा लोळ व चोरी ह्यांचा समावेश ह्या वर्गात होतो.

(ई) दुष्ट हेतूने रचलेले प्रोग्राम. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा प्रोग्राम जगभर पसरला. तो संगणकातील फाईली कूटबद्ध करून त्या सोडविण्यासाठी खंडणी मागत असे.

(उ) मूक बिघाड. डिस्क चालू असते, फाईल उघडतेही. परंतु आतील काही बाईट बदललेले असतात.

काही ठिकाणी एकाच संगणकात दोन डिस्का बसवून दोहोंवर एकाच वेळी तेच लेखन करण्याची व्यवस्था असते. ही योजना पहिल्या प्रकारच्या नाशावर उत्तम तोडगा आहे. कारण एक डिस्क बंद पडली तरी काम थांबत नाही. परंतु फाईल पुसण्याची आज्ञा दिली की ती दोन्ही डिस्कांवर त्याच क्षणी पुसली जाते, आणि आग लागली तर दोन्ही एकाच पेटीत जळतात. आरशातील प्रतिबिंब मूळ वस्तूबरोबर नाहीसे होते, हे ध्यानात ठेवून अशा जुळ्या डिस्कांना राखीव प्रत मानू नये.

स्थानिक आपत्तीचे एक मोठे उदाहरण अलीकडचे आहे. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील तेजॉन येथील शासकीय माहिती-केंद्रात लिथियम विद्युत्घटांना आग लागली. शासकीय कर्मचाऱ्यांची कागदपत्रे साठविणारी ८५८ टेराबाईटची एक प्रणाली तीत नष्ट झाली. साठा फार मोठा असल्यामुळे तिची प्रत बाहेर ठेवलेली नव्हती. साठा जितका मोठा तितकी त्याची प्रत खर्चिक असते हे खरे. पण तितकीच त्याच्या नाशाची किंमतही मोठी असते.

३. प्रतीचे तीन प्रकार

समजा, एका वाचनालयाच्या संगणकात २०० गीगाबाईट सामग्री आहे आणि दररोज साधारणतः २ गीगाबाईट आकाराच्या फाईली नव्या होतात अथवा बदलतात. दररोज बदलणाऱ्या फाईली निरनिराळ्या आहेत, असेही गृहीत धरू. रविवारपासून शनिवारपर्यंत दररोज एक प्रत घ्यावयाची आहे.

पूर्ण प्रत घेतल्यास रोज सर्वच सामग्रीची नक्कल होते. आठवड्यास २०० गुणिले ७, म्हणजे १४०० गीगाबाईट जागा लागते. कोणत्याही दिवसाची स्थिती परत आणण्यास मात्र त्या दिवसाची एकच प्रत पुरते.

फरकाच्या प्रतीत रविवारी पूर्ण प्रत घेऊन नंतर प्रत्येक दिवशी रविवारनंतर झालेले सर्व बदल साठवितात. सोमवारी २, मंगळवारी ४, ह्याप्रमाणे शनिवारी १२ गीगाबाईट होतात. त्यांची बेरीज ४२ असल्यामुळे एकंदर जागा २४२ गीगाबाईट लागते. परतस्थापनेस रविवारची प्रत व इष्ट दिवसाची प्रत अशा दोन प्रती हव्यात.

वाढीव प्रतीत आदल्या दिवसापासून झालेले बदल तेवढेच घेतात. सहा दिवसांचे १२ गीगाबाईट मिळवून एकंदर २१२ गीगाबाईट पुरतात. परंतु शनिवारची स्थिती परत आणावयाची झाल्यास सातही प्रती क्रमाने लावाव्या लागतात, आणि बुधवारची प्रत खराब निघाली तर तिच्यापुढील साखळी तुटते.

म्हणजे जागेची काटकसर आणि परतस्थापनेची सुलभता ह्यांचे प्रमाण व्यस्त आहे. हा पेच पुष्कळ अंशी सोडविणारी एक युक्ती पाचव्या प्रकरणात सांगितली आहे.

४. बाह्य डिस्कची निवड व तयारी

बाह्य डिस्कची धारणशक्ती मूळ सामग्रीच्या निदान दुप्पट असावी, म्हणजे जुन्या प्रतींना जागा राहते. आपल्या उदाहरणात एक टेराबाईटची डिस्क पुरेशी आहे.

नव्या डिस्कवर कोणती फाईल-व्यवस्था आखलेली आहे, हे प्रथम पाहावे. फॅट-३२ ह्या जुन्या व्यवस्थेत एका फाईलीचा आकार ४ गीगाबाईटच्या पुढे जाऊ शकत नाही. त्यामुळे एखादे लांब चलच्चित्र तिच्यावर उतरतच नाही. एक्सफॅट ह्या व्यवस्थेत ही अडचण नाही, परंतु युनिक्स पद्धतीची मालकी व परवानग्या नोंदण्याची सोय ह्या दोहोंतही नाही. लिनक्स-संगणकाची प्रत अशा डिस्कवर उतरविली तर मजकूर येईल, पण दाखल-नोंदीचा अर्धा भाग गळेल. त्यावर दोन उपाय आहेत. एक तर बाह्य डिस्क मूळ संगणकाच्या जातीच्या फाईल-व्यवस्थेने आखून घ्यावी. लिनक्ससाठी ती बहुधा ईएक्सटी-४ असते. नाहीतर सर्व फाईली, त्यांच्या नोंदींसह, एकाच गाठोड्यात बांधाव्या. असे गाठोडे बांधणारा टार हा प्रोग्राम १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर आला. तो मुळात चुंबकीय फितीसाठी रचलेला होता व अद्यापि सर्रास वापरात आहे. डिस्क नव्याने आखताना तिच्यावरील जुना मजकूर जातो, म्हणून आखणीची आज्ञा देण्यापूर्वी आपण निवडलेली डिस्क बाह्यच आहे ना, हे तिच्या आकारावरून व नावावरून दोनदा पाहावे.

प्रतीस लागणारा वेळ जोडणीवर अवलंबून असतो. जुन्या यू. एस. बी. २.० जोडणीतून प्रत्यक्षात सेकंदास सुमारे ३० मेगाबाईट जातात असे धरल्यास २०० गीगाबाईटना सुमारे १ तास ५१ मिनिटे लागतील. यू. एस. बी. ३.० जोडणीतून फिरत्या डिस्कला सेकंदास १०० मेगाबाईट मिळाल्यास हेच काम सुमारे ३३ मिनिटांत उरकते. फाईली संख्येने पुष्कळ व आकाराने लहान असल्यास मात्र प्रत्येकीची नोंद करण्यात वेळ जाऊन हा हिशेब लांबतो.

५. नक्कल करण्याची रीत

ह्या कामासाठी अनेक प्रोग्राम उपलब्ध आहेत. त्यांपैकी आरसिंक हा प्रोग्राम ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरास ह्यांनी १९९६ साली प्रसिद्ध केला. तो विनामूल्य असून त्याचे कार्य समजण्यास सोपे आहे. मूळ ठिकाणची व प्रतीतील अशा दोन्ही फाईलींचा आकार व शेवटच्या बदलाची वेळ तो पाहतो. दोन्ही जुळल्या तर ती फाईल सोडून देतो, न जुळल्यास तिची नक्कल करतो. त्यामुळे पहिल्या दिवशी तासभर लागलेले काम दुसऱ्या दिवशी काही मिनिटांत होते.

आता मघा उल्लेखिलेली युक्ती पाहू. एकाच आयनोडला अनेक नावे देता येतात, हे आपण पहिल्या प्रकरणात पाहिले. बाह्य डिस्कवर प्रत्येक दिवसासाठी त्या तारखेची एक स्वतंत्र निर्देशिका करावी. जी फाईल कालच्यापासून बदललेली नाही, तिची नवी नक्कल न करता कालच्याच आयनोडला आजच्या निर्देशिकेत आणखी एक नाव द्यावे. जी बदलली असेल, तिचीच नक्कल करावी. असे केले असता प्रत्येक तारखेची निर्देशिका उघडल्यावर संपूर्ण प्रत दिसते, पण जागा वाढीव प्रतीएवढीच लागते. आपल्या उदाहरणात वर्षभराच्या ३६५ दैनंदिन प्रतींना २०० अधिक ३६४ गुणिले २, म्हणजे ९२८ गीगाबाईट लागतील. शिवाय येथे साखळी नसते. सर्वांत जुनी निर्देशिका काढून टाकली तरी तिच्यातील फाईलींची उरलेली नावे अन्यत्र शाबूत असल्यामुळे इतर तारखांना बाध येत नाही. ही सोय आरसिंकमध्ये अंतर्भूत आहे.

ह्या युक्तीच्या दोन मर्यादा सांगावयास हव्यात. पाच गीगाबाईटच्या फाईलीत एक ओळ बदलली तरी संपूर्ण फाईलीची नवी नक्कल होते. दुसरे असे की, न बदललेल्या फाईलीला ३६५ नावे असली तरी तिचा मजकूर डिस्कवर एकदाच आहे. तेवढे खण खराब झाले तर ती सर्वच तारखांतून एकदम खराब होते. म्हणून अशा रीतीने प्रती ठेवणाऱ्याने दुसरी बाह्य डिस्कही बाळगावी.

संपूर्ण व्यवस्थेची प्रत घेताना काही भाग वगळणे अवश्य असते. लिनक्समध्ये प्रॉक व सिस ह्या नावांच्या निर्देशिकांत दिसणाऱ्या फाईली डिस्कवर नसतातच. चालू प्रणालीची स्थिती दाखविण्यासाठी त्या तेवढ्यापुरत्या निर्माण केलेल्या असतात. तात्पुरत्या फाईलीही वगळाव्या. आणि ज्या निर्देशिकेला बाह्य डिस्क जोडली असेल ती न विसरता वगळावी. नाहीतर प्रोग्राम प्रतीचीच प्रत घेऊ लागतो व डिस्क लवकरच भरते.

काम संपल्यावर डिस्क ओढून काढू नये. प्रोग्रामने लिहिले म्हणून सांगितलेला मजकूर काही काळ संगणकाच्या स्मृतीत असतो व मागाहून डिस्कवर उतरतो. ती विधिपूर्वक विलग करण्याची आज्ञा दिली म्हणजे हा उरलेला मजकूर उतरतो, आणि मगच ती सुरक्षितपणे काढता येते.

६. चालू कामाची प्रत

बँकेत कारकून खतावणीत आकडे मांडीत असतानाच कोणी तिची नक्कल करू लागला, तर नकलेत जमेची बाजू जुनी व खर्चाची बाजू नवी असे होऊ शकेल. नक्कल करणाराने एकही आकडा चुकविलेला नसतो, तरी हिशेब जुळत नाही. चालू माहितीकोशाची प्रत घेताना नेमके हेच घडते. न्यूझीलंडमध्ये तयार होऊन २००० सालापासून वापरात आलेली कोहा ही ग्रंथालय-प्रणाली भारतातील अनेक ग्रंथालये वापरतात. तिच्या नोंदी एका माहितीकोशात असतात व देवघेव चालू असता त्या सतत बदलतात. अशा वेळी माहितीकोशाच्या फाईली परस्पर उचलू नयेत. माहितीकोशाच्या स्वतःच्या साधनाने सुसंगत उतारा काढावा आणि मग त्या उताऱ्याची राखीव प्रत घ्यावी.

दुसरा उपाय क्षणचित्राचा. बीटीआरएफएस, झेडएफएस ह्यांसारख्या फाईल-व्यवस्था एखाद्या क्षणीची स्थिती गोठवून ठेवू शकतात. त्यानंतर खणातील मजकूर बदलावयाचा झाल्यास जुना खण तसाच ठेवून नवा मजकूर वेगळ्या खणात लिहिला जातो. विंडोज प्रणालीतही अशी सोय आहे. प्रत ह्या गोठविलेल्या चित्रावरून घेतली असता लेखन चालू असले तरी बाधा येत नाही. क्षणचित्र मूळ डिस्कवरच असते, म्हणून ते बाह्य प्रतीची जागा घेऊ शकत नाही, हे उघड आहे.

७. पडताळा

नक्कल बिनचूक झाली की नाही, हे कसे ओळखावे? ह्याचे एक साधे रूप प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर छापलेले असते. आंतरराष्ट्रीय प्रमाण ग्रंथ क्रमांकात १ जानेवारी २००७ पासून १३ अंक असतात व त्यांतील शेवटचा पडताळ्याचा असतो. पहिल्या बारा अंकांना आळीपाळीने १ व ३ ह्यांनी गुणून बेरीज करावयाची आणि ती दहाच्या पटीत आणण्यास जो अंक मिळवावा लागेल तो तेरावा अंक. उदाहरणार्थ, ९७८८१२३४५६७८ ह्या बारा अंकांची अशी बेरीज १३८ येते. ती १४० करण्यास २ हवेत, म्हणून तेरावा अंक २. लिहिणाराने नवव्या स्थानावरील ५ च्या जागी ६ लिहिले तर बेरीज १३९ होते, तेरावा अंक १ यावयास हवा, आणि चूक उघडी पडते.

संगणकात ह्याच तत्त्वावर, पण फार कसून, फाईलीचा ठसा काढतात. एसएचए-२५६ ह्या रीतीने कोणत्याही आकाराच्या फाईलीपासून ६४ चिन्हांचा ठसा मिळतो. फाईलीत एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा पार निराळा येतो. मूळ फाईलींचे ठसे प्रथमच काढून त्यांची यादी प्रतीबरोबर व अन्यत्रही ठेवावी. काही महिन्यांनी पुन्हा ठसे काढून यादीशी ताडले म्हणजे मूक बिघाड कळतो. ही यादी अगोदर असणे महत्त्वाचे आहे. ती नसेल आणि मूळ फाईल व प्रत ह्यांत फरक आढळला, तर दोहोंतील खरी कोणती हे केवळ तुलनेवरून ठरविता येत नाही. आरसिंक एरवी आकार व वेळ एवढेच पाहतो, त्यामुळे मूक बिघाड त्याच्या नजरेतून सुटतो, हेही येथे नमूद करावयास हवे.

८. परतस्थापना

प्रतीची खरी परीक्षा ती परत आणून पाहण्यातच होते. १९९८ साली अमेरिकेतील पिक्सार ह्या चित्रपटसंस्थेत ‘टॉय स्टोरी २’ ह्या चित्रपटाचे काम चालू असता पुसण्याची आज्ञा भलत्या जागी दिली गेली व चित्रपटाच्या बहुतेक फाईली नाहीशा झाल्या. राखीव प्रती घेतल्या जात होत्या. परंतु त्या काही काळापासून सदोष उतरत आहेत, हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते. तांत्रिक दिग्दर्शिका गेलिन ससमन ह्या त्या काळात घरून काम करीत असल्याने त्यांच्या घरच्या संगणकावर चित्रपटाची एक प्रत होती. तिच्या आधारे काम पुन्हा उभे करता आले.

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब ह्या कंपनीच्या मुख्य माहितीकोशाच्या फाईली अशाच चुकून पुसल्या गेल्या. तेथे प्रती घेण्याच्या एकाहून अधिक योजना होत्या. त्यांपैकी रोजच्या उताऱ्याची योजना माहितीकोशाच्या आवृत्तीशी न जुळल्यामुळे बंद पडलेली होती, आणि तसे कळविणारी ई-पत्रे पोचतच नव्हती. सुदैवाने सुमारे सहा तासांपूर्वी एका कर्मचाऱ्याने अन्य कामासाठी एक क्षणचित्र घेतले होते. त्यावरून माहितीकोश परत उभारण्यात आला. मधल्या सहा तासांच्या नोंदी मात्र गेल्या. कंपनीने घडलेला प्रकार सविस्तर प्रसिद्ध केला, ही गोष्ट इतरांना उपकारक ठरली.

दोन्ही ठिकाणी कुशल माणसे होती व साधनांची उणीव नव्हती. परत आणून पाहण्याची सवय मात्र नव्हती. ह्यास्तव निदान तीन महिन्यांतून एकदा पुढील कसोटी घ्यावी. कोणत्याही पाच फाईली निवडून त्या बाह्य डिस्कवरून वेगळ्या जागी उतरवाव्या, उघडून पाहाव्या, त्यांचे ठसे ताडावे आणि परवानग्या मूळच्याच आहेत ना ते पाहावे. वर्षातून एकदा दुसऱ्या एखाद्या संगणकावर संपूर्ण परतस्थापना करावी व तिला लागलेला वेळ लिहून ठेवावा. हे काम प्रत घेणाऱ्याऐवजी दुसऱ्या व्यक्तीने, लेखी सूचना वाचून केले तर अधिक चांगले. कारण प्रत्यक्ष आपत्तीच्या वेळी नेहमीची व्यक्ती हजर असेलच असे नाही.

९. प्रत कोठे ठेवावी?

छायाचित्रकार पीटर क्रोह ह्यांच्यामुळे एक सोपा नियम रूढ झाला आहे: सामग्रीच्या तीन प्रती असाव्या, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या माध्यमांवर असाव्या आणि त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी असावी. शाळेला अथवा गावच्या वाचनालयाला हा नियम दोन बाह्य डिस्का व थोडी शिस्त एवढ्यावर बराचसा पाळता येतो. एक डिस्क कार्यालयाच्या कपाटात ठेवावी व दुसरी अन्य इमारतीत असावी. दर शनिवारी त्यांची अदलाबदल करावी. विशेष महत्त्वाच्या फाईली एखाद्या विश्वसनीय जालसाठ्यावरही ठेवल्या म्हणजे माध्यमाचा भेदही साधतो.

प्रत घेण्याचा वेळ सोडून बाह्य डिस्क संगणकाला जोडलेली नसावी. खंडणीखोर प्रोग्राम जोडलेल्या सर्व डिस्कांपर्यंत पोचतो. कपाटातील डिस्क त्याच्या आवाक्याबाहेर असते. विद्यार्थ्यांची व वाचकांची खासगी माहिती असल्यास डिस्क कूटबद्ध करावी, म्हणजे ती चोरीस गेली तरी माहिती फुटत नाही. परंतु संकेतशब्द हरवला तर ती मालकालाही उघडता येत नाही. म्हणून तो पाकिटात बंद करून मुख्याध्यापकांच्या अथवा कार्यवाहांच्या स्वाधीन ठेवावा. पावसाळ्यात डिस्क कोरड्या डब्यात ठेवावी. घनावस्था डिस्क वर्षानुवर्षे विजेशिवाय ठेवू नये. तिच्यातील विद्युत्भार हळूहळू झिरपतो. फिरत्या डिस्काही काही वर्षांनी बदलाव्या आणि जुनी डिस्क चालू आहे तोवरच मजकूर नवीवर उतरवून घ्यावा.

प्रत्येक प्रतीची तारीख, घेणाऱ्याचे नाव, डिस्कचा क्रमांक व पडताळ्याचा निकाल एका कागदी वहीत लिहावा. संगणक बंद पडल्यावर प्रथम हीच वही उघडावी लागते, म्हणून ती संगणकात नसावी.

स्वाध्याय

१. एका शाळेची सामग्री ५० गीगाबाईट असून रोज १ गीगाबाईट आकाराच्या निरनिराळ्या फाईली बदलतात. रविवारी पूर्ण प्रत घेतल्यास आठवड्यास फरकाच्या व वाढीव प्रतींना किती जागा लागेल, ते काढा.

२. ग्रंथक्रमांकातील शेजारचे १ व ६ हे अंक उलटसुलट लिहिले गेले तर पडताळ्याचा अंक ती चूक का पकडू शकत नाही? १ व ५ ह्यांची अदलाबदल झाली तर काय होईल?

३. जुळ्या डिस्का नाशाच्या पाच मार्गांपैकी कोणत्या मार्गांवर उपयोगी पडतात व कोणत्यांवर पडत नाहीत, हे कारणांसह लिहा.

४. तारखेवार निर्देशिकांच्या पद्धतीत सर्वांत जुनी निर्देशिका काढून टाकली तरी पुढील तारखांच्या फाईली का शाबूत राहतात? वाचनालयाच्या सूचिपत्रांच्या उदाहरणाने स्पष्ट करा.

५. आपल्या शाळेतील अथवा वाचनालयातील संगणकावर पुन्हा मिळविता न येणारी सामग्री कोणती आहे, तिची यादी करा. प्रत्येकीपुढे तिच्या किती प्रती आहेत, त्या कोठे आहेत आणि शेवटची प्रत परत आणून कधी पाहिली, हे लिहा.